निदान आणि पूर्वग्रह : क्यासनूरच्या तापाचा धडा

वैद्यकीय निदान हे शुद्ध तर्काचे फळ असते, असा सर्वसाधारण समज आहे. वैद्य लक्षणे पाहतो, ती तोलतो आणि मग निष्कर्षाला येतो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. रुग्णाची हकिगत पुरी होण्यापूर्वीच अनुभवी वैद्याच्या मनात एखाद्या रोगाचे नाव उमटते आणि पुढील तपासणी त्या नावाच्या छायेत होते.

मनाच्या या रीतीचा पद्धतशीर अभ्यास आमोस ट्‌वर्स्की व डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी केला. १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवून दिले की, अनिश्चित परिस्थितीत माणूस काही आडवाटांनी निर्णय घेतो. जे चटकन आठवते ते त्याला अधिक संभाव्य वाटते. जे परिचित नमुन्यासारखे दिसते ते तेच आहे असे तो मानतो. आणि पहिला अंदाज एकदा मनात रुजला की त्यापासून तो फारसा दूर जात नाही. या आडवाटा बहुतेक वेळा उपयोगी पडतात. परंतु कधी कधी त्याच दिशाभूल करतात.

याचे उत्तम उदाहरण तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, सापडते. १९५७ च्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे व माकडे मरून पडलेली आढळू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. एकाएकी चढणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या आणि काहींना रक्तस्राव, अशी त्याची लक्षणे होती. त्या काळी खेड्यात बरेच दिवस रेंगाळणारा ताप म्हटला की विषमज्वर किंवा हिवताप हीच नावे प्रथम सुचत.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना मात्र निराळीच शंका आली. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत माकडे मरू लागली की पीतज्वराची चाहूल लागते, हे त्यांना ठाऊक होते. पीतज्वर भारतात कधीच आढळला नव्हता. पण तो पसरवणारे डास येथे होते आणि लोकांमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. शंका भयंकर होती आणि नमुनाही हुबेहूब जुळत होता.

तरीही ती शंका चुकीची ठरली. मृत वानरांचे अवयव, रुग्णांचे रक्त व जंगलातील गोचिडी यांच्या तपासणीतून एक नवाच विषाणू हाती लागला. त्याचे नाते रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी होते. डासांचा येथे संबंध नव्हता. रोग गोचिडीच्या चाव्यातून येत होता. या संशोधकांचा अंदाज चुकला, परंतु त्यांनी अंदाजाला निर्णय मानले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती शंका त्यांनी कसोटीला लावली आणि कसोटीचा कौल मान्य केला.

रुग्णाच्या खाटेजवळ बसलेल्या डॉक्टरला मात्र हे अधिक कठीण जाते. या रोगाचा क्रमच फसवा आहे. आठवड्या-दीड आठवड्यात ताप आपोआप उतरतो. विषमज्वर समजून औषध दिले असेल, तर त्या औषधानेच गुण आला असे वाटते आणि चुकीचे निदान अधिकच दृढ होते. पुढे काही रुग्णांमध्ये ताप उलटतो. भ्रम, कंप अशी मेंदूच्या विकाराची लक्षणे दिसू लागतात. या रोगावर नेमके औषध अद्याप नाही. वेळीच दिलेले द्रव आणि रक्तस्रावाकडे ठेवलेले लक्ष यांवरच भिस्त असते. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणून निदानास लागलेला विलंब महाग पडतो.

रोगाच्या नावानेही एक पूर्वग्रह निर्माण केला. क्यासनूरचा ताप म्हणजे शिमोगा व त्याच्या शेजारचा आजार, असे अनेक दशके मानले गेले. परंतु २०१२ च्या अखेरीस म्हैसूर शहराच्या दक्षिणेस असलेल्या बंदीपूरच्या अरण्यात तो प्रकटला. मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे कर्मचारीच आजारी पडले. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात तो पोहोचला. तेथील लोक त्याला ‘माकडताप’ म्हणतात. ज्या कोकणात तापाबरोबर लेप्टोस्पायरोसिस किंवा डेंग्यू आठवणे स्वाभाविक, तेथे काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या तापाकडे पाहताना डॉक्टरला एक प्रश्न मुद्दाम विचारावा लागतो : तुमच्या रानात अलीकडे माकडे मेली काय ?

पूर्वग्रहावरील उपाय असे साधेच असतात. पहिले निदान लिहिताना त्याशेजारी दुसरी एक शक्यता लिहावी. कोणते लक्षण आपल्या निदानात बसत नाही ते शोधावे. गुण आला तरी तो कशाने आला हे तपासावे. आणि सहकाऱ्याचे, परिचारिकेचे व रुग्णाच्या घरच्यांचे म्हणणे ऐकावे. अनुभवी डॉक्टरला याची गरज नाही, असे मानणे धोक्याचे आहे. अनुभव जितका मोठा, तितके पहिले नाव मनात लवकर उमटते. आणि म्हणूनच ते पुन्हा तपासून पाहण्याची सवय त्याला अधिक आवश्यक असते.