पेट्यांतून आलेली पुस्तकं

लॉर्ड डफरिन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होण्याच्या काही वर्षं आधी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. 1877 मध्ये ते विनिपेग सरोवराकाठच्या गिमली या वस्तीत गेले. आइसलंडहून आलेल्या लोकांनी ती वसवून दोनच वर्षं होत होती. आदल्या हिवाळ्यात देवीच्या साथीत शंभराच्या आसपास माणसं दगावली होती. राहायला ओंडक्यांच्या खोपट्या आणि पोटापुरतं मिळण्याचीही मारामार. तरीही प्रत्येक घरात वीस-तीस पुस्तकं दिसली, याचं डफरिन यांनी भाषणात कौतुक केलं.

1870 ते 1914 या काळात आइसलंडच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा उत्तर अमेरिकेत गेला. कडाक्याची थंडी आणि जमिनीची टंचाई होतीच; त्यात 1875 मध्ये आस्क्या ज्वालामुखीच्या राखेने पूर्वेकडची कुरणं झाकून टाकली. लांबच्या प्रवासाला निघालेल्यांच्या लाकडी पेट्यांत कपड्यांसोबत धर्मग्रंथ, सागा म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथा आणि हाताने नकलून काढलेल्या वह्याही होत्या.

नातवंडं इंग्रजीत वाढली आणि घरातली ही पुस्तकं वाचणारं कुणी राहिलं नाही. अशा वेळी विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठाचं ग्रंथालय कामाला आलं. तिथला आइसलँडिक संग्रह 1936 मध्ये सुरू झाला. आज त्यात पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. उत्तर अमेरिकेत याहून मोठा संग्रह कॉर्नेल विद्यापीठाचा. पण तो विलर्ड फिस्क या अमेरिकन अभ्यासकाच्या ग्रंथप्रेमातून उभा राहिला. विनिपेगच्या संग्रहामागे स्थलांतरितांचा समाज आहे.

त्याचं वेगळेपणही तिथेच आहे. सागांच्या छापील आवृत्त्या रेक्याविकमध्येही मिळतात. मॅनिटोबाच्या मातीत जे लिहिलं गेलं, त्याचं काय? गिमलीच्या उत्तरेला नदीकाठी 1877 मध्येच ‘फ्रामफारी’ हे वृत्तपत्र निघालं. पुढे विनिपेगमधून 1886 मध्ये ‘हेम्सक्रिंग्ला’ आणि 1888 मध्ये ‘लोगबेर्ग’ सुरू झालं. राजकारण आणि चर्च या दोन्ही बाबतींत त्यांचे सूर जुळत नसत. 1959 मध्ये मात्र दोघांना एकत्र यावं लागलं. मृत्युलेख, जाहिराती, गावोगावच्या बातम्या, कविता आणि कडाक्याचे वाद असा सगळा संसार या अंकांत आहे. आल्बर्टात दिवसा शेती करून रात्री आइसलँडिकमध्ये कविता लिहिणारे स्टेफान जी. स्टेफान्सन याच परंपरेतले.

या अंकांत आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला पहिली ठेच नावांपाशी लागते. आइसलंडमध्ये जोनचा मुलगा जोन्सन, तर मुलगी जोन्सदोत्तिर. ग्रंथसूचीतही माणूस त्याच्या पहिल्या नावाखाली सापडतो. कॅनडात आल्यावर कुणी वडिलांचं नाव आडनाव म्हणून कायम केलं, कुणी गावाचं घेतलं, कुणी इंग्रजांना उच्चारता येईल असं. त्यामुळे एकाच पणजोबांचा माग दोन-तीन नावांनी काढावा लागतो.

नाव सापडलं तरी मजकूर वाचता यायला हवा. त्यासाठी समाजाने निधी उभारला आणि 1951 मध्ये विद्यापीठात आइसलँडिक भाषा-साहित्याचा विभाग सुरू झाला. जुनी वृत्तपत्रं आता आइसलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतात. जोडनावाने निघणारं ‘लोगबेर्ग-हेम्सक्रिंग्ला’ अजूनही चालू आहे, मात्र मुख्यतः इंग्रजीत.