‘स्लर्प’ आणि ‘भुरका’: हे भाऊ-भाऊ आहेत का?

बशीतला गरम चहा आवाज करत पिणं, याला इंग्रजीत ‘स्लर्प’ म्हणतात. आपण भुरका मारणं म्हणतो. मग तो ठाण्यातल्या मिसळीच्या रश्श्याचा असो, नाहीतर डोंबिवलीत घरी केलेल्या कढीचा. आता दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. सारखे वाटतात ना? ‘इंग्रजी शब्द मुळात आपलाच’ असं सांगणारे मेसेज अशाच साम्यावर तयार होतात. म्हणून हे जरा तपासून बघू.

‘स्लर्प’ इंग्रजीत आला 17व्या शतकात, डच भाषेतल्या ‘स्लुर्पन’वरून. जर्मन ‘श्ल्युर्फन’ हा त्याच घरातला. डच शब्दात ‘उर’ आहे, ‘भुरका’तही ‘उर’ आहे. झालं की मग नातं सिद्ध!

थांबा. जपानीत नूडल्स ओढून खाण्याच्या आवाजाला ‘झुरुझुरु’ म्हणतात. इथेही ‘उर’ आहेच, पण जपानी भाषा आपल्या कुळातली नाही. मग हे साम्य आलं कुठून? ओठांचा चंबू करा आणि हवेबरोबर चहा आत ओढा. चंबू केला की ‘उ’ येतो, थरथर झाली की ‘र’. तोंड सगळ्यांचं सारखं, म्हणून आवाजही सारखा आणि त्याची नक्कलही सारखी. यात कुणी कुणाकडून उसनं घ्यायची गरजच नाही.

म्हणूनच दोन भाषांचं नातं ठरवताना भाषाशास्त्रज्ञ असे अनुकरणवाचक शब्द सहसा बाजूला ठेवतात.

मग पुरावा कशाला म्हणायचं? एक म्हणजे नियमाने होणारा बदल. पितृ–फादर, पाद–फुट, पंच–फाइव्ह. ऐकायला हे शब्द फारसे सारखे नाहीत, पण संस्कृतमधल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत दर वेळी ‘फ’ येतो. हा योगायोग नाही, हे खरं नातं.

दुसरा पुरावा म्हणजे जुनी लेखी नोंद. आपल्या ‘घोट’ची अशी नोंद सापडते. 12व्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘पिणे’ या अर्थाचं ‘घोट्टइ’ हे रूप दिलंय. म्हणजे नुसतं वय बघितलं, तर ‘घोट’ इंग्रजीतल्या ‘स्लर्प’पेक्षा निदान चारशे-पाचशे वर्षांनी मोठा.

तेव्हा पुढच्या वेळी असा मेसेज आला, की दोनच प्रश्न विचारा. हा बदल आणखी शब्दांत दिसतो का? आणि जुनी नोंद कुठे आहे? दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत निवांत भुरके मारा. आवाज झाला तरी चालेल.