लक्षद्वीपला जायचंय? मग सुट्टी बघा आणि तिथीही!

आमच्या होस्टेलमध्ये दर सेमिस्टरला एक ट्रिप ठरते आणि दर सेमिस्टरला ती गोव्यालाच जाते! यंदा आमच्या विंगने लक्षद्वीपचं नाव काढलं आणि प्लॅनिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या निमित्ताने जे वाचलं, विचारून घेतलं, ते इथे देते आहे.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते. पोवळं म्हटलं की मला आजीच्या अंगठीतला लाल खडा आठवतो. (कॉन्व्हेंटवाली असल्याने ‘कोरल’ आधी कळलं, ‘प्रवाळ’ नंतर!) पण ती जात वेगळी. आपण बघायला जातो ती रीफ बांधणारी पोवळी म्हणजे चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहती. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न बनवून घरमालकाला देतं. म्हणजे पेइंग गेस्टच मेस चालवतो म्हणा ना! पोवळ्यांचा रंगही बराचसा या शैवालाचाच. प्राणी खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातो, पण वेग किती? गोलसर दगडासारख्या जातींचा वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर. माझ्या वयाचं पोवळं वीतभर भरेल. त्यावर पाय देऊन उभं राहिलं की वीस वर्षं एका सेकंदात खलास.

आता सुट्टीचा प्रश्न. आपल्याला दोनच मोठ्या सुट्ट्या, डिसेंबरची आणि मेची. मेचं नाव विसरा. एक तर पावसाळा तोंडावर, समुद्र खवळू लागतो. दुसरं म्हणजे तेव्हा पाणी सर्वांत गरम. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी जास्त आणि तेही काही आठवडे टिकलं, की पोवळी आतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरीफटक पडतात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लगेच मरत नाहीत, पण उपाशी राहतात. पाणी वेळेत निवलं नाही तर संपतात. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे झालं. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथे २४ वर्षं केलेल्या मोजणीत जिवंत प्रवाळ १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २० टक्क्यांच्याही खाली आले. आजारी माणसाच्या खोलीत आपण गर्दी करत नाही, तसंच हे. म्हणून डिसेंबर.

तिकिटाआधी परमिट. भारतीयांनाही तिथे प्रवेश परवाना लागतो, तेव्हा प्रशासनाचे चालू नियम बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. ३६ बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर! कोचीहून जहाजाने १४ ते १८ तास, विमानाने अगत्तीला साधारण दीड तास. आमच्या बजेटमध्ये अर्थातच जहाज. त्याचा एक फायदाही आहे. स्कूबा केल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे पुढचे निदान १८ तास विमानात बसू नये असं सांगतात. जहाजाला ती अडचण नाही.

आता तिथी. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात ओहोटी फार खाली जाते, रीफवर गुडघाभर पाणी उरतं आणि पाय, गुडघे सगळं प्रवाळावर घासतं. भांगात चढउतार कमी, ओढही कमी. म्हणून आम्ही कॅलेंडर उघडून अष्टमीच्या आजूबाजूचे दिवस धरले आहेत. स्नॉर्केलिंग भरतीच्या वेळी. (पंचांग बघून ट्रिप ठरवणारी बहुधा आमची पहिलीच विंग!)

पाण्याचंही सांगते. बेटांवर गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. त्यामुळे तिथे अर्धा तास शॉवर चालणार नाही. मेकॅनिकलवाल्यांसाठी खास : कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या एनआयओटीने एक प्लान्ट उभारला. वरचं गरम पाणी कमी दाबाखाली उकळवायचं आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरच्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. दिवसाला १ लाख लिटर! थर्मोडायनॅमिक्सचा तो कंटाळवाणा धडा मी त्या दिवशी पुन्हा वाचला.

सामानात पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट घ्या. अंग झाकलं की सनस्क्रीन कमी लागतं, आणि काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला घातक म्हणून हवाईत २०२१ पासून विक्रीच बंद आहे. किनाऱ्यावरचा पोवळ्याचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नका. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आणि ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांनी मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत, पाणी तेवढं नितळ नसतं एवढंच. आमच्या विंगमधल्या चौघींना पोहता येत नाही. त्यांनी गावातल्या टँकवर सकाळी सहाच्या बॅचला नावं घातली आहेत, त्यामुळे सध्या होस्टेलचा पहिला गजर आमच्याच विंगमध्ये होतो.