पंचविसाव्या हिश्श्याची मोटार

गंगापूर तालुक्यातील वाळूज येथे 1985 पासून बजाज कंपनीचा कारखाना स्वयंचलित वाहने घडवीत आला असल्यामुळे, आणि त्याच्या आश्रयाने साच्यांची, ओतकामाची, लेथकामाची व रंगकामाची लहानमोठी कारखानदारी आसपास वाढली असल्यामुळे, यंत्राचा सुटा भाग म्हणजे काय हे या तालुक्यातील माणसास नव्याने सांगण्याची गरज नाही. तेथील सारी शिस्त अशी की, लाखावा भाग हा पहिल्या भागाचीच बिनचूक नक्कल असला पाहिजे. ज्या छंदाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यात मात्र एकमेकांसाठी कधीच न घडविलेले भाग जमवून जिची जोड जगात दुसरीकडे सापडणार नाही अशी एकच मोटार, तीही तळहातावर मावेल एवढी, बांधावयाची असते. जुन्या खेळपेट्यांतील उरल्यासुरल्या प्लास्टिकच्या तुकड्यांतून हॉट रॉड तयार करणे, हा तो छंद.

हॉट रॉड हा मूळचा अमेरिकन प्रकार. 1932 साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-एट इंजिन असलेली मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यातील किमतीस बाजारात आणली. पुढे याच मोटारी जुन्या होऊन कवडीमोलाने मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील ज्या तरुणांपाशी पैसा बेताचा परंतु हातांत कसब भरपूर होते, त्यांनी त्या विकत घेतल्या, त्यांचे मडगार्ड उतरविले, छत कापून खाली आणले, एकीच्या सांगाड्यावर दुसरीचे इंजिन व तिसरीचे तोंड चढविले, आणि मुरॉक व एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या जीव खाऊन पळविल्या. या शर्यतींना काही नियम असावेत म्हणून 1937 मध्ये तेथे एक संघटनाही निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावावयाच्या, आता मोडीत निघालेल्या इंधनाच्या टाक्यांना चाके व इंजिन बसवून त्यांच्याच मोटारी करण्यापर्यंत या मंडळींची मजल गेली, आणि 1948 च्या जानेवारीत या विषयाला वाहिलेले ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही सुरू झाले. ज्याचा जन्मच भंगारात झाला, त्याची प्रतिकृती कोऱ्या पेटीतून काढून सूचनापत्रकाप्रमाणे चिकटवीत बसण्यात मला तरी फारसे स्वारस्य वाटत नाही.

पेटीतून सुटी मोटार यावी आणि येथे ती जुळवावी, ही गोष्ट आपल्या मुलुखाला अपरिचित नव्हती; 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीस जो कारखाना काढला, त्यात अशा आणलेल्या भागांची जुळणीच होत असे. खेळण्याच्या मापाची पेटी मात्र अमेरिकेत 1950 च्या दशकात लोकप्रिय झाली. रेव्हेल, मोनोग्राम आणि एएमटी या त्यातील ठळक कंपन्या. पॉलिस्टायरिन नामक प्लास्टिकचे भाग एका चौकटीला लगडलेले येतात; ते कापून, कडा घासून, चिकटवावयाचे. एएमटीने 1958 पासून एकाच पेटीत मोटारीचे तीन अवतार बांधता येतील इतके भाग घालण्यास आरंभ केला, एक मूळ कारखान्यातला, दुसरा फेरफार केलेला व तिसरा शर्यतीचा. सबब एक मोटार बांधून झाली तरी बराच माल शिल्लक राही, आणि तो टाकून देण्याचे धैर्य न झाल्याने छांदिष्टांच्या घरोघरी डबे भरत गेले.

या डब्यात हात घालण्यापूर्वी प्रमाणाचा विचार करावा लागतो, आणि नवखा मनुष्य हटकून येथेच फसतो. 1932 च्या फोर्डच्या पुढील व मागील आसांमधील अंतर 106 इंच, म्हणजे सुमारे 2 मीटर 69 सेंटिमीटर होते. एएमटीच्या पेट्या बहुतेक 1:25 प्रमाणाच्या, त्यांत हे अंतर 108 मिलिमीटर भरते. मोनोग्रामच्या पुष्कळशा पेट्या 1:24 च्या, त्यांत ते 112 होते. चार मिलिमीटर म्हणजे काही नव्हे असे वाटेल, परंतु एकीचा सांगाडा व दुसरीचा देह एकत्र आणले की चाक मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर न येता पुढेमागे सरकते आणि सारी मोटार ओढूनताणून बसविल्यासारखी दिसते. इंजिनाच्या बाबतीत मात्र डोळा उदार असतो, कारण खऱ्या इंजिनांतही लहानमोठेपणा असतोच.

प्रमाणाचा हा हिशेब पुढे प्रत्येक पावलावर आडवा येतो. खऱ्या मोटारीचे छत तीन इंच खाली आणावयाचे म्हणजे येथे अवघे तीन मिलिमीटर कापावयाचे. खिडक्यांच्या खांबांवर चिकटपट्टी लावून, तिच्यावर रेघ आखून, बारीक पात्याच्या करवतीने तेवढाच तुकडा काढला, तरी एक अडचण उरते: खांब थोडे तिरपे असल्याने छत खाली आले की त्याचे टोक खालच्या खांबाशी जुळत नाही. मग छत आडवे कापून त्यात प्लास्टिकच्या पत्र्याची पट्टी भरावी लागते, किंवा खांब कलते करावे लागतात. सांधा चिकटविणारे द्रावण हे डिंकासारखे वरवर धरीत नाही, तर दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवून त्यांना एकजीव करते. म्हणून ते सुकेपर्यंत हात न लावण्याचा संयम हवा. पुढे पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटर जाडीचा झाला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे पातळ रंगाचा आग्रह कोठून येतो ते कळते. मेणबत्तीच्या आचेवर चौकटीचा तुकडा तापवून ताणला की केसासारखी तार निघते, तिचा एरिअल होतो. स्पार्क प्लगच्या तारांसाठी जुन्या टेलिफोनच्या वायरीतील बारीक तांबे पुरते.

जुन्या मालाचे स्वतःचे रोग असतात. पूर्वीच्या कोणी फासलेला इनॅमल रंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून काढता येतो, आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये ठेवलेल्या भागावरील चकचकीत मुलामा पाहता पाहता निघून जातो. तो काढावाच लागतो, कारण मुलाम्यावर द्रावणाची मात्रा चालत नाही. सर्वांत दगाबाज वस्तू म्हणजे मऊ टायर. त्यांच्या प्लास्टिकमध्ये मऊपणा टिकविण्यासाठी घातलेले रसायन वर्षानुवर्षे झिरपत राहते आणि ज्या चाकाला ते टेकलेले असते त्यालाच खाऊन टाकते. टायर निराळ्या पुडीत ठेवणे, हाच त्यावर उपाय. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हा डबा पत्र्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, एवढी तजवीज आपल्या वाचकांनी अधिक करावी; पातळ भाग वाकले की सरळ होत नाहीत.

कोणी विचारील की, एवढे कसब असताना खरीच मोटार का बांधू नये? सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी ती बांधली. भंगारातील भाग जुळवून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी सुमारे साठ हजार रुपयांत उभी केली. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर प्रशंसा केली, परंतु ती कोणत्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर अडवतील, हेही सांगितले. पुढे जानेवारी 2022 मध्ये त्या जीपच्या मोबदल्यात लोहारांना महिंद्रांकडून नवी बोलेरो मोटार मिळाली. महिंद्रांची भीती अनाठायी नव्हती. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये, निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ कायम केला. छत कापावे, इंजिन बदलावे, सांगाडा खाली आणावा, हे जे हॉट रॉडचे प्राणतत्त्व, त्याचा बहुतांश भाग आपल्या दप्तरी गुन्ह्यात जमा होतो. पंचविसाव्या हिश्श्याच्या मोटारीस नोंदणीही लागत नाही आणि दाखलाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अर्धवट बांधलेली, चाके हरवलेली एखादी पेटी पडून असेल, त्यांनी ती रद्दीवाल्याच्या स्वाधीन करू नये. काम उघड्या खिडकीपाशी करावे, कारण द्रावणाची वाफ डोके धरते, आणि पाते मुलांच्या हाती देऊ नये. आरंभ इंजिनापासून करण्याचा मोह प्रत्येकास होतो. तो आवरून प्रथम डब्यातील सारी चाके मेजावर मांडावी, मागे मोठी व पुढे लहान अशी जोडी निवडावी, आणि ती निवड पक्की होईपर्यंत देहाला करवत लावू नये, कारण मोटार जमिनीपासून किती उंच व किती पुढे झुकलेली दिसणार हे चाकांवरून ठरते आणि बाकीचे सारे कापकाम त्यानंतरचे आहे.