सातासमुद्रांपलीकडची तसबीर

अकोल्याच्या जठारपेठेत आमचे घर आहे. बैठकीच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. पहिली लक्ष्मीची. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर नांदू लागल्या; त्याच वंशातली ही. दुसरी आजोबांची, कोट-टोपीतली. तिसरी वडिलांची. तिला चंदनाचा हार आहे.

चौथी तसबीर खालच्या फळीवर असते. धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून येताना ती आईसाठी आणली. तिच्यातले चित्र दर दहा सेकंदांनी बदलते. भाऊ तिकडे रात्री साडेआठला जेवण उरकून मोबाईलवरून फोटो धाडतो, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे सहा वाजलेले असतात. आई अंघोळ करून येते तो नात फळीवर हजर! फोटो आवडला की आईने पडद्यावरच्या बदामावर बोट ठेवायचे. तो बदाम तिकडे भावाच्या मोबाईलवर उमटतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला याहून सोपा पत्रव्यवहार कोणता?

गेल्या श्रावणात या पत्रव्यवहारात विघ्न आले. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला आल्या. त्याच आठवड्यात आई गप्प गप्प राहू लागली. जेवणावरचे लक्ष उडाले. शेवटी नवव्या दिवशी मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “काऊन रे, लहाना रुसला का आपल्यावर? पोरीचा दात पडला म्हनला फोनवर, पन फोटूत अजून दात आहेच. त्यानं धाडनं बंद केलं.”

“नाही वं आई, तो कशाला रुसतो?” असे मी म्हणालो खरा, पण मनात चरकलो. रात्री भावाला फोन लावला. तो उलट मलाच विचारू लागला, “दादा, आईची तब्येत बरी आहे ना? मी चौदा फोटो पाठवले. एकावरही तिचा बदाम नाही. रागावली असेल म्हणून विचारायचा धीर झाला नाही.”

म्हणजे दोन्हीकडे माणसे कष्टी, आणि दोन्हीकडे तोंडाला कुलूप! उलगडा केला तो माझ्या कन्येने. तो कसा, हे कळण्यासाठी या तसबिरीची यंत्रणा समजून घ्यायला हवी. ती वाटते तितकी अवघड नाही.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साधारण एक कोटी वीस लाख ठिपके, आणि प्रत्येकाच्या रंगाचे तीन आकडे. एवढे सगळे जसेच्या तसे पाठवणे म्हणजे अख्खे बिऱ्हाड बैलगाडीत घालण्यासारखे. म्हणून चित्राची घडी घालतात. १९९२ साली ठरलेल्या जेपेग नावाच्या पद्धतीत चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारकावा गाळून टाकतात. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला सूक्ष्म फरक तितकासा कळत नाही. या उणिवेचाच फायदा घेऊन चित्राचे ओझे दहाव्या हिश्शाएवढे करता येते.

मग या घडीचे तुकडे होतात. एकेका तुकड्यात सुमारे दीड हजार अक्षरे मावतात. प्रत्येकावर पत्ता असतो आणि अनुक्रमांकही. वाटेत एखादा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागवतात. हे तुकडे केसाएवढ्या बारीक काचतंतूंतून, समुद्राच्या तळाने, प्रकाशाच्या रूपात धावतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. तेव्हा अमेरिका आणि अकोला हे अंतर त्याला अर्ध्या सेकंदाचेही नाही.

पण फोटो थेट आमच्या फळीवर येत नाही. आधी तो तसबीर बनवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकात जाऊन थांबतो. हे एक टपालघरच समजा. आपल्या घरातले वायफायचे यंत्र, म्हणजे राऊटर, हा कडक पहारेकरी असतो. बाहेरच्या अनोळखी पाहुण्याला तो आपणहून आत घेत नाही. म्हणून तसबिरीलाच बाहेर जाऊन विचारावे लागते, “माझ्या नावाचे काही आले आहे का?” आले असेल तर ती ते आणते आणि पोटातल्या स्मृतिकोशात ठेवते. आईचा बदामही याच वाटेने उलट जातो.

शेवटचा प्रवास राऊटरपासून फळीपर्यंत, पंधरा फुटांचा, आणि तो बिनतारी. या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. जाड भिंतीतून जाताना त्या अशक्त होतात, आणि मायक्रोवेव्हची भट्टी साधारण त्याच कंपनांवर चालत असल्याने तिचाही त्यांना उपद्रव होतो.

आता पडदा. आमच्या तसबिरीत आडवे १२८० आणि उभे ८०० असे १०,२४,००० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन इवल्या खिडक्या. मागे पांढरा दिवा सतत जळत असतो. खिडकीवर द्रवस्फटिकाची झडप असते; विजेच्या इशाऱ्याने ती कमीजास्त उघडते आणि तेवढाच उजेड बाहेर पडतो. तीस लाखांवर झडपा एकाच वेळी हलतात, तेव्हा नात हसताना दिसते!

आता उलगडा. कावडींच्या आदल्या दिवशी आमचा राऊटर जळाला होता आणि नवा बसवला होता. नव्या राऊटरचे नाव निराळे, परवलीचा शब्दही निराळा. मोबाईलांना आम्ही तो सांगितला. फळीवरच्या तसबिरीला सांगायचे राहून गेले! ती बिचारी नऊ दिवस जुन्या नावाने हाका मारीत होती. पोटातले जुने फोटो मात्र नेमाने दाखवत होती, म्हणून बिघाड कुणाच्या ध्यानी आला नाही. आला तो एकट्या आईच्या, आणि तिने दोष यंत्राला दिला नाही, नात्याला दिला. कन्येने पडद्याच्या कोपऱ्यातली फुली दाखवली, नवा शब्द घातला, आणि टपालघरात साचलेले चौदा फोटो एकामागून एक उतरले. सातवा दात पडलेल्या नातीचा होता. आईने डोळे पुसले आणि चौदाही बदाम दाबले.

ज्यांच्या घरी अशी तसबीर आहे किंवा या दिवाळीत येणार आहे, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. राऊटर बदलला की तसबिरीला आधी कळवा. घेताना ती कोणत्या लहरींवर चालते ते विचारा. पुष्कळशा फक्त २४० कोटी कंपनांच्याच लहरी ओळखतात. तिचा सांकेतिक क्रमांक घरच्यांखेरीज कुणाला देऊ नका, कारण तो ज्याच्या हाती पडेल तो आपल्या बैठकीत चित्र लावू पाहील. आणि आपल्या अकोल्यात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तिला उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

आणखी एक. मधले टपालघर दुसऱ्याचे आहे. उद्या त्या कंपनीने दुकान बंद केले, तर नवे फोटो त्या वाटेने येणे थांबेल. म्हणून आम्ही दर दिवाळीला वर्षातले बारा फोटो निवडून कागदावर छापून घेतो आणि वहीत चिकटवतो. यंदाचा पहिला कोणता, हे सांगायला नको.

परवा संध्याकाळी वीज गेली. चौथी तसबीर काळीठिक्कर पडली. आईने समई लावली. तिच्या उजेडात लक्ष्मी, आजोबा आणि वडील जसेच्या तसे दिसत होते. आई म्हणाली, “यायले वीज लागत नाई.” मग क्षणभर थांबून म्हणाली, “पन लहान्याले फोन लाव. वीज गेली म्हना, मी रुसली नाई.”