'गप्पाड्या' शब्दाचे मूळ आणि आपला वर्ग

एखादा मुलगा तिखटमीठ लावून काही सांगू लागला, की 'गप्पाड्या', 'बाताड्या' ही विशेषणे आपल्या तोंडून सहज निघून जातात. या शब्दांच्या मुळाशी खोटेपणा आहे काय, याचा शिक्षकाने एकदा विचार करणे अगत्याचे आहे.

'गप' हा शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ केवळ बोलणे. मराठीत त्याच्या 'गप्पा' झाल्या व त्यापासून 'गप्पाड्या' हा शब्द सिद्ध झाला. पारावर चार माणसांना रंगवून ठेवणारा तो गप्पाड्या आणि पदरचे सांगणारा तोही गप्पाड्याच. 'बाताड्या'चे कूळ संस्कृत 'वार्ता' शब्दाशी जाऊन पोचते. वार्तेची प्राकृतात 'वत्ता' झाली, हिंदीत 'बात' झाली आणि मराठीत लोक बाता मारू लागले. दोन्ही शब्द जन्मतः निर्दोष आहेत. खोटेपणाचा अर्थ त्यांस मागाहून चिकटला.

'गोष्ट' शब्दाची कथा तर आपल्या मुलांना अधिकच जवळची आहे. 'गोष्ठ' म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. त्यापासून आपला 'गोठा' आला. 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक व तेथील संभाषण. तिचीच पुढे 'गोष्ट' झाली. गोठा व गोष्ट ही अशी एकाच घरची भावंडे होत. आणि जिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही ती 'भाकडकथा', दूध न देणाऱ्या भाकड गाईसारखी!

मी नव्याने शिक्षक झालो तेव्हाचा प्रसंग सांगतो. नदीकाठच्या गावातील तिसरीचा एक मुलगा उशिरा आला व म्हणाला, "गुरुजी, राती नदी आमच्या ओट्यावर बसून गेली." मी त्यास 'थापाड्या' म्हटले, वर्ग हसला. सायंकाळी त्याच्या घरावरून गेलो, तो ओट्यावर ओला गाळ दिसला. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली; परंतु त्या वर्षी त्या मुलाने पुन्हा काही सांगितले नाही.

दोष झाकण्यासाठी वा दुसऱ्यावर आळ घेण्यासाठी बोललेले असत्य अवश्य सुधारावे. परंतु मूल रंगून सांगत असेल, तर प्रथम "मग पुढे काय झाले?" असे विचारावे. सांगून झाल्यावर, "यातले घडलेले कोणते आणि रचलेले कोणते?" हे त्याच्याकडूनच वेगळे करून घ्यावे. सत्य ओळखण्याचा आणि गोष्ट रचण्याचा, असे दोन्ही पाठ त्यातून साधतात.