लेणी पाहावयास निघताना

तीर्थयात्रेला कसे निघावे, हे आपल्या मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही. महाशिवरात्र आली की मार्कंड्याच्या वाटेला माणसांची रीघ लागते. कुठे उतरायचे, कुठे नहायचे, शिदोरीत काय बांधायचे, हे घरातल्या म्हातारीला तोंडपाठ असते. परंतु वेरूळ-अजिंठ्यासारखे ठिकाण पाहावयाचे म्हटले की हीच जाणती माणसे गोंधळून जातात. मूल-सावलीकडून निघून इतक्या लांब जायचे, दोन दिवस गाडीत घालवायचे, आणि दाराशी पोचल्यावर कळायचे की आज लेणी बंद आहेत! असे होऊ नये म्हणून आधी थोडा विचार करावा लागतो. तो कसा करावयाचा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न, केव्हा जावे? आपला भाग धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणीची घाई, आणि दिवाळीनंतर कापणी व मळणी. शेतकरी कुटुंबाला खरी सवड मिळते ती पौष-माघात, आणि सुदैवाने लेणी पाहावयास हेच दिवस चांगले. उन्हाळ्यात तिकडचा काळा पाषाण तव्यासारखा तापतो, आणि म्हाताऱ्यांना व मुलांना चढण सोसत नाही. पावसाळ्यात अजिंठ्याची दरी फार रम्य दिसते, वाघोरा नदीचा धबधबा कोसळत असतो, हे खरे. पण रोवणी टाकून कोण निघणार?

दुसरा प्रश्न, कोणत्या वारी जावे? ही गोष्ट मात्र कागदावर लिहूनच ठेवावी. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. रविवारी मुक्कामाला पोचून सोमवार-मंगळवार पाहण्यात घालवू असा बेत करणाऱ्याने सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ गाठले, तर दोन्हीकडे कुलूप! रविवारी दोन्ही ठिकाणी गर्दी उसळते. म्हणून बुधवारी अजिंठा, गुरुवारी वेरूळ आणि शुक्रवारी परतीची वाट, हा क्रम सर्वांत सोयीचा. अजिंठ्याला सकाळी नऊच्या सुमारास दार उघडते. वेरूळला त्याहूनही लवकर जाता येते.

आता वाट. मूलहून एस.टी.ने चंद्रपूर गाठावे. अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. तेथून रेल्वेने वर्धा, आणि वर्ध्याहून अकोला-भुसावळच्या मार्गाने जळगाव. जळगावहून अजिंठ्याची लेणी साधारण साठ किलोमीटरवर आहेत. लेणी पाहून पुढे छत्रपती संभाजीनगरास जावे. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून वेरूळ तीस किलोमीटर, आणि देवगिरीचा किल्ला वाटेवरच. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. तेव्हा माघातल्या प्रवासाचा विचार मार्गशीर्षातच करावा. ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, हेही हिशेबात धरावे. एस.टी.त मात्र २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून भाडेच नाही. वयाचा दाखला तेवढा जवळ हवा. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन बसस्थानकावर आधीच चौकशी करावी.

अजिंठ्याला खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जाऊ देत नाहीत. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर ती ठेवावी लागते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर ठरलेल्या बसने जावे लागते. धूर आणि धूळ चित्रांपासून दूर राहावी, हा त्यामागचा हेतू. त्या बसचे पैसे वेगळे द्यावे लागतात. लेण्यांच्या तिकिटाशी त्यांची गल्लत करून कित्येक मंडळी खिडकीवर उगाच वाद घालतात.

आता तिकिटाकडे वळू. ही दोन्ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहेत. २०१८ साली ठरलेल्या दरांप्रमाणे भारतीय माणसाला प्रत्येक ठिकाणी चाळीस रुपये, आणि मोबाईलवरून आगाऊ तिकीट काढल्यास पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. परदेशी पाहुण्याला त्याच दरपत्रकात सहाशे रुपये आहेत. निघण्यापूर्वी दर एकदा पडताळून पाहावा हे बरे.

एक उदाहरण घेऊ. घरची सहा माणसे आहेत : नवराबायको, आजी, आणि आठ, बारा व सोळा वर्षांची तीन मुले. धाकट्या दोघांना तिकीट नाही. उरले चौघे. चाळीस गुणिले चार म्हणजे एकशेसाठ रुपये अजिंठ्याला, तितकेच वेरूळला, एकूण तीनशेवीस. मोबाईलवर काढली तर दोनशेऐंशी. शंभर पानांच्या चार-सहा वह्यांना लागतात तेवढेच हे पैसे. खरा खर्च गाडीभाड्याचा आणि मुक्कामाचा असतो. म्हणून एवढ्या लांब येऊन तिकीट वाचवण्यासाठी आजीला बाहेर झाडाखाली बसवून ठेवणे, हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

मोबाईलवरचे तिकीट काढताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. ते खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. वाटेत भेटलेल्या कोणाच्या हाती पैसे देऊ नयेत. तिकीट ठरावीक तारखेचे असते, म्हणून गाडीचे आरक्षण पक्के झाल्यावरच ते घ्यावे. आणि आदल्या रात्री मुक्कामावरच ते मोबाईलमध्ये उतरवून ठेवावे. डोंगराच्या घळीत ऐन वेळी मोबाईल चालेल याचा भरवसा धरू नये. खिडकीवर क्यूआर कोडचा फलकही असतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी घरातल्या शिकलेल्या पोराला पुढे करावे. त्याचीही सहलीत मदत झाली असे होईल.

परदेशातही हीच रीत आता अधिक कडक होत चालली आहे. ग्रीस देशात अथेन्स नगरीच्या टेकडीवर ॲक्रोपोलिस हे प्राचीन स्थान आहे. तेथील पार्थेनॉन हे देवीचे मंदिर इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. प्रेक्षकांची रीघ इतकी वाढली की सप्टेंबर २०२३ पासून तेथे दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा घालण्यात आली, आणि तिकिटावर तारखेबरोबर तासही छापला जाऊ लागला. ज्याची वेळ सकाळी नऊची, त्याने नऊलाच आत जायचे! आपल्याकडे अजून अशी तासांची चौकट नाही. पण अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात, आणि बाकीच्यांना बाहेर थांबावे लागते.

ही अडवणूक का, असे पुष्कळांना वाटते. त्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. माणसाच्या श्वासात ओल असते, अंगात ऊब असते. पन्नास माणसे एका काळोख्या दालनात कोंबली की हवा दमट होते, आणि दीड हजार वर्षांचा गिलावा हळूहळू सुटू लागतो. १८१९ साली शिकारीला आलेल्या इंग्रज फौजेच्या एका अधिकाऱ्याने ही लेणी पाहिली आणि त्यांचा बाहेर बोभाटा झाला. पुढे रॉबर्ट गिल नावाच्या चित्रकाराने वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्या बहुतेक साऱ्या १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणून चित्रांवर रोगणाचा हात दिला. हेतू चांगला होता, पण तो लेप पुढे पिवळा पडला आणि रंगच झाकोळले. सांगण्याचा मुद्दा असा की, नकला जळाल्या, उपचारही अंगाशी आले. मूळ चित्र एकच आहे. म्हणून झगझगीत दिवा लावून फोटो काढण्याची मनाई आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

आत गेल्यावर काय पाहावे? सगळीच लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. अजिंठ्यात तीस लेणी आहेत. वेळ थोडा असेल तर पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे चित्रांसाठी पाहावे. नववे-दहावे सर्वांत जुन्यांपैकी. ती इसवी सनापूर्वीची. सव्विसाव्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. आपण विदर्भातली माणसे. आपण सोळाव्या लेण्याशी जरा जास्त थांबावे. तेथल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणे खोदविल्याची नोंद आहे. हे वाकाटक घराणे आपल्या विदर्भाचे. त्याची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनात आणि दुसरी वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशिमात नांदत होती. हरिषेण या वाशिमच्या शाखेचा. तेव्हा आपण परक्या मुलखात आलो आहो असे समजण्याचे कारण नाही.

वेरूळला चौतीस लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, आणि शेवटची पाच जैन. तीन धर्मांची कारागिरी एकाच डोंगराच्या पोटात शेजारी शेजारी उभी आहे. सकाळी आधी सोळाव्या क्रमांकाच्या कैलासाला जावे, म्हणजे गर्दी लागत नाही. हे देऊळ बांधलेले नाही. डोंगर वरून खाली कोरत आणून ते मोकळे केले आहे. पाया आधी घालून भिंती चढवण्याची आपली नेहमीची रीत तेथे उलटी झाली. एखादा खांब चुकून तुटला असता तर दुसरा कुठून आणणार! हे काम आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे मानतात. आणि गंमत अशी की, याच कृष्णराजाचा शके ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा ताम्रपट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भांदक येथे सापडला. ज्याच्या काळात कैलास कोरला गेला, त्याच्या आज्ञेचा पत्रा आपल्या शेजारच्या मातीतून निघाला. मुलांना हे सांगून मग कैलास दाखवावा; इतिहास त्यांच्या चटकन ध्यानात राहील.

भांदकाचे नाव आलेच आहे, तर एक सूचना. लांबच्या सहलीला निघण्यापूर्वी घराजवळचे पाहून घ्यावे. भद्रावतीस विजासनची बौद्ध लेणी आहेत. ती पाहिली की लेणे म्हणजे काय, विहार कसा असतो, मूर्ती गाभाऱ्यात कुठे बसवतात, हे मुलांना आधीच कळते. आणि मार्कंडा तर आपल्या हाकेवर. मूलहून चामोर्शीच्या रस्त्याने हरणघाटाशी वैनगंगा ओलांडली की फारसे दूर नाही. तेथे नदी उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर दगडी देवळांचा समूह उभा आहे. सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० नंतरच्या दशकात त्याची दखल आपल्या अहवालात घेतली. मुख्य देवळाच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगाच रांगा आहेत. काही शतकांपूर्वी वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळला, आणि एका गोंड राजाने त्याची डागडुजी केली, असे सांगतात. अथेन्सच्या त्या पार्थेनॉनचेही असेच झाले : १६८७ साली युद्धात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा भडका उडून ते मधोमध फुटले. १९७५ पासून तेथे दुरुस्तीचे काम चालत आले आहे. एक एक दगड मोजून, जुळवून बसवावा लागतो, म्हणून वर्षे लागतात. मार्कंड्यालाही पुरातत्त्व खात्याने शिखराचे दगड उतरवून पुन्हा बसविण्याचे काम हाती घेतले, ते मध्यंतरी रेंगाळले, आणि भाविकांना त्याची हळहळ वाटली.

मार्कंड्याला तिकीट नाही. देशात या खात्याची साडेतीन हजारांवर संरक्षित स्मारके आहेत. त्यांपैकी जेमतेम दीडशेच्या आसपास ठिकाणी तिकीट लागते. पूजा चालू असलेल्या देवळात भाविकाला पैसे मागू नयेत हे योग्यच. पण तिकिटाच्या खिडकीचा एक उपयोग असतो : किती माणसे आली ते तेथे मोजले जाते, आणि जेथे माणसे मोजली जातात तेथे पाण्याची, रस्त्याची, पहारेकऱ्याची मागणी करावयास आधार मिळतो. महाशिवरात्रीची गर्दी सगळ्यांना दिसते. पण बाकीच्या दिवसांत कोणी मूर्ती पाहावयास आले की नाही, याचा पत्ता कोणाला? म्हणून शाळांनी आणि कुटुंबांनी यात्रेखेरीजच्या दिवशीही तेथे जावे. शाळेने आपल्या भेटीची नोंद ठेवावी, गैरसोय दिसली तर खात्याला पत्र लिहावे. मूर्तीला शेंदूर फासू नये, दगडावर नाव कोरू नये, नारळ भिंतीवर फोडू नये. चाळीस रुपये देऊन आपण वेरूळला जी शिस्त पाळतो, ती येथे फुकटात पाळावयास काय हरकत आहे?

तेव्हा यंदा बेत असा करावा. पौषात एका रविवारी मुलांना घेऊन मार्कंडा, पुढच्या रविवारी भद्रावती, आणि माघात सवड काढून बुधवारी अजिंठा व गुरुवारी वेरूळ. सोबत पाण्याच्या बाटल्या, आजीसाठी काठी, वयाचे दाखले, एक बॅटरी आणि एक वही असावी. वहीत मुलांनी जे पाहिले ते रोज रात्री लिहावे. घरी आल्यावर शेजारच्या मुलांना ती वाचून दाखवली, तर पुढच्या वर्षी त्यांच्या घरूनही कोणी निघेल.